घरखरेदीतला उशीर कोणाच्या खात्यावर?

घराचा व्यवहार रखडला की समजूत काढणारे चहूबाजूंनी भेटतात. एजंट म्हणतो, घर काय माणूस रोज घेतो का, थोडा धीर धरा. बँकेतला अधिकारी म्हणतो, फाइल लीगलला आहे, तुमच्याच भल्यासाठी. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय मला काही देता येत नाही. घरातली वडीलधारी मंडळी त्यावर शिक्कामोर्तब करतात: वेळ लागला तरी चालेल, पण कागद पक्के हवेत. या सगळ्यांच्या बोलण्यामागे एकच गृहीतक आहे. उशीर होतो आहे म्हणजे कुणीतरी नीट तपासते आहे. तेव्हा उशीर ही सुरक्षिततेची किंमत समजून ती मुकाट्याने मोजावी. हे गृहीतक मुळातच कच्चे आहे. महाराष्ट्रात रीसेलचा फ्लॅट घेताना विसार दिल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत जे महिने जातात, त्यांतला तपासणीचा वेळ थोडा असतो. बाकीचे महिने जातात ते एका साध्या कारणाने: या व्यवहारात ज्यांच्या हातात कागद आहेत त्यांना उशिराची झळ जवळपास बसत नाही आणि ज्याला ती बसते त्याच्या हातात एकही कागद नसतो.

आधी सुरक्षिततेचाच दावा पाहू. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटला, कॅमेऱ्यासमोर फोटो निघाला, ओळखदारांच्या सह्या झाल्या आणि इंडेक्स टू हातात पडला की घर आपले झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. १९०८ चा नोंदणी कायदा एवढे वचन देत नाही. तो दस्ताची नोंद करतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही याची हमी घेत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द केला तो याच मुद्द्यावर. विक्रेत्याने आपल्या मालकीचा मूळ दस्त दाखवला नाही तर नोंदणी नाकारण्याची मुभा त्या नियमाने निबंधकाला दिली होती. मालकी ठरवणे हे निबंधकाचे कामच नव्हे, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिहारच्या तशाच नियमाची तीच गत झाली आणि देशात मालमत्ता विकत घेणे किती क्लेशाचे होऊन बसले आहे याकडेही त्या निकालाने लक्ष वेधले. म्हणजे ज्या सरकारी टेबलावर व्यवहार पुरा होतो, ते टेबल मालकीबद्दल मौन पाळते. मग तपासतो कोण? बँकेच्या पॅनेलवरचा वकील. तो मागच्या तीस वर्षांचा सर्च काढतो, साखळीतले करारनामे वाचतो आणि अहवाल देतो. त्याचा खर्च या ना त्या नावाने कर्जदाराकडून वसूल होतो, पण अहवाल बँकेला उद्देशून लिहिलेला असतो आणि बँकेच्याच फायलीत राहतो. उद्या मालकीत खोट निघाली तरी हप्ते चालूच राहतात. खरेदीदाराने मध्येच बँक बदलली तर तेच कागद, तोच सर्च, पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांनी फ्लॅट पुढे विकला की परत तेच. एकाच इमारतीतल्या वेगवेगळ्या फ्लॅटांसाठी त्याच एका जमिनीचा इतिहास वेगवेगळे वकील पुन्हा पुन्हा उकरतात आणि कुणाचे कष्ट कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. याला काळजी म्हणायचे असेल तर ती बँकेने स्वतःच्या पैशाची घेतलेली काळजी आहे. तशी ती जरूर घ्यावी. फक्त तिचा वेळ आणि तिचे बिल खरेदीदाराच्या भल्याच्या नावाने त्याच्या गळ्यात मारू नये.

आता एक जागा जवळून बघण्यासारखी आहे. विक्रेत्याचे स्वतःचे गृहकर्ज फिटलेले नसेल तर मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट, जुन्या नोंदणीच्या पावत्या हे सगळे त्याच्या बँकेकडे असते. खरेदीदाराची बँक म्हणते, मूळ कागद दाखवा, मग पैसे सोडतो. विक्रेत्याची बँक म्हणते, आधी कर्ज फेडा, मग कागद सोडतो. या पेचातून काढलेली वाट सर्वांना ठाऊक आहे. विक्रेत्याची बँक फोरक्लोजर लेटर आणि आपल्या ताब्यातल्या कागदांची यादी देते. त्यांच्या आधारावर खरेदीदाराची बँक थेट त्या बँकेच्या नावाने डीडी काढते. कर्ज फिटते आणि कागद मोकळे होतात. कागदोपत्री हे आठवडाभराचे काम दिसते. प्रत्यक्षात फोरक्लोजर लेटरवरचा आकडा ठरावीक तारखेपर्यंतचाच असतो. त्या तारखेच्या आत समोरच्या बँकेत सही झाली नाही की रोजचे व्याज वाढते, पत्र शिळे होते आणि नव्या पत्रासाठी विक्रेत्याला पुन्हा शाखेत खेटे घालावे लागतात. पैसे पोचल्यावरही कागद लगेच मिळत नाहीत, कारण ते शाखेत नसतात. मध्यवर्ती कोठारातून मागवावे लागतात. या साऱ्या दिवसांत मालकीची एक ओळसुद्धा कुणी वाचत नसते. एक लिफाफा एका कपाटातून दुसऱ्या टेबलावर यायचा असतो, इतकेच.

हा उशीर अटळ नव्हता, हे रिझर्व्ह बँकेनेच दाखवून दिले आहे. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने तिने बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना बजावले की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करावे लागतील आणि स्वतःच्या चुकीने उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागेल. १ डिसेंबर २०२३ पासून कागद परत करण्याची वेळ येणाऱ्या सर्व प्रकरणांना ते लागू झाले. ३० दिवसही थोडे नाहीत, हे मान्य. पण या परिपत्रकात एक मोठी कबुली दडलेली आहे. घाई केली तर चुकीच्या माणसाच्या हाती कागद जातील, सुरक्षितता धोक्यात येईल, असा विचार करून नियामक थांबला नाही. उशिराला मुदत घालता येते आणि मुदत मोडणाऱ्याकडून दिवसाच्या हिशेबाने पैसे घेता येतात, हे त्याने स्वीकारले. मग हाच न्याय व्यवहाराच्या बाकीच्या टप्प्यांना का लागू नाही, याचे उत्तर उशिराची तरफदारी करणाऱ्यांनी द्यायला हवे.

सोसायटीचे उदाहरण घ्या. उपविधींच्या नमुन्यात ३८ व्या क्रमांकाखाली सरळ लिहिले आहे की शेअर आणि हितसंबंध हस्तांतरित करायला संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही. कुणी मागितलेच तर समितीने एका महिन्यात त्यावर विचार करावा. तरीही बँका ते मागतात, म्हणून विक्रेता ते मागतो, आणि गरज नसलेला कागद व्यवहाराची किल्ली होऊन बसतो. हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाने ठरवून दिले. देणगीच्या नावाने वर काही उकळायलाही त्यात मनाई आहे. तरी रंगकामाचा निधी, लिफ्टचा निधी अशी नावे निघतात आणि ती 'ऐच्छिक' रक्कम भरेपर्यंत कमिटीची मीटिंग लागत नाही. सदस्यत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार आपोआप सदस्य मानला जातो, हेही सहकार कायद्यात आहे. पण त्या तीन महिन्यांत बँकेने पैसे रोखलेले असतील, विक्रेता दुसरे गिऱ्हाईक शोधू लागला असेल, तर मानीव सदस्यत्व घेऊन करायचे काय? इथे कमिटीच्या बाजूने एक खरा मुद्दा मांडला जातो. आम्ही बिनपगारी माणसे, नोकऱ्या सांभाळून हे करतो, थकबाकीदार फ्लॅट विकून पसार झाला तर देखभालीचा बोजा इतर सभासदांवर पडतो, असे ते म्हणतात. बोजा पडतो, यात शंका नाही. पण थकबाकी आहे की नाही हे सांगायला मीटिंग कशाला हवी? ती सोसायटीच्या वहीत लिहिलेली असते आणि अनेक ठिकाणी संगणकावरच्या बिलातही छापलेली असते. खजिनदाराने तारखेसह एक आकडा लिहून द्यायचा, तो भरला की विषय संपला. विनावेतन कामाबद्दल आदर वाटतो, पण त्या आदरापोटी दुसऱ्याचे महिने खर्ची घालण्याचा अधिकार मिळत नाही.

याउलट खरेदीदाराच्या डोक्यावर किती घड्याळे टांगलेली असतात ते बघा. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांत तो नोंदणीला न्यावा लागतो. नंतर दंड, तोही नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत. १ एप्रिलला शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते बदलले तर मुद्रांक शुल्काचा आकडा बदलू शकतो. मुंबईत ते ६ टक्के, पुण्यात ७, म्हणजे आकडा किरकोळ नव्हे. बँकेच्या मंजुरीपत्राला मुदत असते; ती संपली की उत्पन्नाचे कागद पुन्हा द्या, व्याजदर नव्याने ठरेल. जुने घर विकून आलेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतलेले असले पाहिजे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का कर कापून महिना संपल्यापासून ३० दिवसांत विवरण भरायचे, आणि ते राहिले तर दिवसाला २०० रुपये. गंमत अशी की दिवसाला किती रुपये हे गणित सरकारला उत्तम येते. फक्त ते येणे असले की सुचते. शिवाय जुन्या घराचे भाडे आणि नव्या कर्जाचे व्याज एकाच महिन्यात भरणारी कुटुंबे शहरात कुठल्याही मजल्यावर सापडतील. त्यांच्या या नुकसानीची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.

यावर व्यवहारी माणसांचा आक्षेप येतो: खरेदीदाराने विसार देण्याआधीच चौकशी का केली नाही? ऐकायला हे शहाणपणाचे आहे. पण बाजाराची रीत उलटी आहे. आधी टोकन टाका, मग कागद दाखवतो, असे सांगितले जाते आणि दोन दिवस थांबलात तर घर दुसऱ्याला गेले म्हणून समजा. साखरपुडा उरकून मग मुलाची चौकशी करण्यासारखा हा क्रम आहे, आणि तो ठरवणारा खरेदीदार नसतो. टोकननंतर बाहेर येणाऱ्या गोष्टीही ठरलेल्याच असतात. साखळीतला एखादा जुना करारनामा अपुऱ्या मुद्रांकाचा निघतो. १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक लागू लागले, पण त्यानंतरही किरकोळ मुद्रांकावर करार झाले. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर डिसेंबर २०२३ मध्ये १९८० ते २०२० पर्यंतच्या दस्तांसाठी अभय योजना आणावी लागली. कुठे मूळ करारनामाच हरवलेला असतो, मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, नुकसानभरपाईचे बंधपत्र. कुठे मूळ मालक वारलेला असतो आणि सोसायटीत नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लागले म्हणून बाकीच्या वारसांना कुणी विचारलेलेच नसते. कुठे इमारत जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवर असते आणि हस्तांतरणाला त्यांची परवानगी लागते. यांतली प्रत्येक गोष्ट विक्रेत्याला वर्षानुवर्षे माहीत असते, किंवा माहीत असायला हवी. फ्लॅट विकायला काढण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत ती निस्तरता आली असती, कुणाचे काहीही न अडता. ती टोकननंतर उघड होते कारण तोवर ती झाकून ठेवण्यात विक्रेत्याचे काही जात नाही.

हे आपल्याच नशिबी आहे असे नाही. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून घर विकायला काढणाऱ्यानेच त्याची पाहणी करून 'होम रिपोर्ट' तयार ठेवायचा असा नियम आहे; घर बाजारात येते ते त्या अहवालासकट. शेजारच्या इंग्लंडने असाच प्रयोग २००७ मध्ये सुरू केला आणि मे २०१० मध्ये गुंडाळला. इंग्लंडचा दाखला देऊन कुणी विचारेल की तिथे तर मालकीची नोंद सरकारी हमीची आहे, तरी घर घ्यायला महिने लागतात, मग मालकीची हमी आणि उशीर यांचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. तिथल्या उशिराचे एक मोठे कारण असे की करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांनाही बांधिलकी नसते. विक्रेता जास्त भाव देणाऱ्याकडे वळू शकतो, आणि एक घर विकल्याशिवाय दुसरे घेता न येणाऱ्यांची साखळी तयार होते. तेव्हा इंग्लंडचे उदाहरण आमच्या मुद्द्याला छेद देत नाही. मालकीची हमी असूनही आधी तपासणी आणि मग व्यवहार हा क्रम नसेल, आणि पाय मागे घेणाऱ्याला किंमत मोजावी लागत नसेल, तर घर तिथेही रखडते.

आता सगळे ऑनलाइन झाले, हा दुसरा आक्षेप. झाले आहे, आणि ते नाकारणे कद्रूपणाचे ठरेल. दस्ताची माहिती घरबसल्या भरता येते, मुद्रांक शुल्क ई-चलनाने भरता येते, इंडेक्स टू संगणकावर शोधता येतो, गहाणाची नोटीस ३० दिवसांत नोंदवण्याची सक्ती झाल्यापासून एकच घर दोन बँकांकडे ठेवण्याला थोडा आळा बसला. सर्व्हर बंद नसेल तर दस्त नोंदणीचे काम काही तासांत उरकते. पण याचा अर्थ इतकाच की व्यवहारातला जो भाग सरकारच्या तिजोरीशी जोडलेला होता तो सुधारला. साचलेला उशीर त्या दाराच्या बाहेर आहे: बँकेच्या कोठारात, सोसायटीच्या दप्तरात, विक्रेत्याच्या कपाटात. तिथवर कुठलेही पोर्टल पोचलेले नाही. आणि सरकारला हे कळत नाही असेही नाही. २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात तात्पुरती सवलत दिली तेव्हा मुदतीत शुल्क भरलेल्यांना दस्त नोंदवायला पुढचे चार महिने दिले होते. लोकांना तेवढा वेळ लागतोच, हे त्यात गृहीत होते.

तिसरा आक्षेप रेराचा. २०१६ च्या त्या कायद्याने बिल्डरला वेसण घातली हे खरेच. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ताबा लांबला तर व्याज द्यावे लागते. पण रेराचा आधार नव्या प्रकल्पाच्या ग्राहकाला आहे. एका माणसाने दुसऱ्याला विकलेल्या फ्लॅटशी त्याचा संबंध नाही. आणि महाराष्ट्रात तर फ्लॅटची नोंदणी होऊन, ताबा घेऊन, वर्षानुवर्षे राहूनही व्यवहार पुरा झालेला नसतो. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनी संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. ते इतके सर्रास मोडले गेले की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली: बिल्डर येत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याने सहा महिन्यांत निर्णय देऊन संस्थेचा हक्क नोंदवून द्यावा. म्हणजे चार महिन्यांचे काम न करणाऱ्यावर इलाज शोधायला ४५ वर्षे लागली. असंख्य संस्थांकडे अजूनही अभिहस्तांतरण नाही. त्यांतला फ्लॅट घेणारा माणूस पूर्ण किंमत मोजतो, पूर्ण मुद्रांक भरतो आणि ज्या जमिनीवर त्याचे घर उभे आहे ती मालमत्ता पत्रकावर भलत्याच्याच नावाने असते. इमारत पुनर्विकासाला निघाली की हे उघडे पडते. उशीर म्हणजे सुरक्षितता, असे सांगणाऱ्यांनी हा उशीर कुणाचे रक्षण करतो तेवढे सांगावे.

शेवटी काही अभ्यासू मंडळी म्हणतात की हे सगळे वरवरचे उपाय आहेत, सरकारी हमीची मालकी आल्याशिवाय काही बदलणार नाही. राजस्थानने शहरी जमिनींसाठी तसा कायदा २०१६ मध्ये केला, नीती आयोगाने २०२० मध्ये नमुना मसुदा काढला, आंध्र प्रदेशाने केलेला कायदा २०२४ मध्ये सत्ताबदलानंतर रद्दही झाला. ही वाट लांबची आहे आणि ती चालावी. पण तोवर थांबायचे कारण नाही, कारण ज्या उशिराबद्दल मी लिहितो आहे त्याला मालकीच्या हमीची गरजच नाही. थकबाकीचा दाखला सात दिवसांत देणे संस्थेवर बंधनकारक करायला आणि तो न दिल्यास थकबाकी शून्य मानायला सहकार खात्याचा एक आदेश पुरेल. कर्जदाराच्या पैशाने केलेल्या सर्च रिपोर्टची प्रत त्याला मिळालीच पाहिजे, असे रिझर्व्ह बँक उद्या सकाळी सांगू शकते. साखळीतल्या दस्तांची प्रत, थकबाकीचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि कर्जाची सद्यःस्थिती जोडल्याशिवाय फ्लॅटची जाहिरात करायला नोंदणीकृत एजंटांना मनाई करता येईल.

आणि वाचकांनो, या आदेशांची वाट न बघता एक गोष्ट तुम्हाला आजच करता येईल. विसार पावती लिहिताना खरेदीदाराने पैसे उशिरा दिले तर काय, याचे कलम त्यात बहुधा असतेच. त्याच्या खाली विक्रेत्याने कोणता कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आणि ती तारीख चुकली तर दिवसाला किती रुपये किमतीतून वजा व्हायचे, हेही लिहून मागा. असे कलम घालायला कुठल्याही कायद्याची मनाई नाही.